तिकडून खेळला म्हणजे पासपोर्ट बदलला?

१२ जून २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये टी-२० विश्वचषकात अमेरिकेकडून खेळणाऱ्या सौरभ नेत्रावळकरनं विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर घालवलं, पुढच्या षटकात रोहित शर्मालाही. सामना भारतानं जिंकला, पण तो संपायच्या आतच फॅमिली ग्रुपवर वाक्य फिरायला लागलं होतं: "आपलाच मुंबईचा पोरगा, पण नागरिकत्व सोडून त्यांचा झाला." त्यानंतर हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलं, लोकलमध्ये ऐकलं, आणि एकदा चक्क क्रिकेट शिकवणाऱ्या एका सद्गृहस्थांच्या तोंडून ऐकलं. कधी सुरात कौतुक असतं, कधी टोमणा. गृहीतक मात्र तेच: दुसऱ्या देशाची जर्सी घातली म्हणजे पासपोर्ट बदललाच असणार.

क्रिकेटमध्ये असं काही नसतं. आयसीसीच्या पात्रता नियमांनुसार एखाद्या देशाकडून खेळायला तीन वाटा आहेत. खेळाडू त्या देशात जन्मलेला असावा, किंवा त्याच्याकडे तिथलं नागरिकत्व असावं, किंवा लगतची तीन वर्षं त्याचं कायमचं बिऱ्हाड तिथं असावं. तिन्हींपैकी एक पुरते. तिसऱ्या वाटेवर पासपोर्ट कुठला, हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

हे अजून पटत नसेल तर ६ जून २०२४ ला डलासजवळ ग्रँड प्रेरीच्या मैदानावर पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवणारा अमेरिकेचा संघ डोळ्यांसमोर आणा. पाकिस्तानचे तीन बळी घेणारा नॉस्टुश केंजिगे वाढला कर्नाटकात, पण जन्मला अलाबामात. म्हणजे तो जन्माच्या वाटेनं आला. आरोन जोन्स जन्मला न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आणि क्रिकेट शिकला बार्बाडोसमध्ये. नितीश कुमार २०११ च्या विश्वचषकात कॅनडाकडून खेळला होता. कर्णधार मोनांक पटेल आणंदचा. हरमीत सिंग मुंबईचा, २०१२ चा १९ वर्षांखालील विश्वचषक भारताला जिंकून देणाऱ्या संघातला. सुपर ओव्हर टाकणारा सौरभही मुंबईचाच. २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, पुढे मुंबईकडून रणजीही. एका संघात इतक्या वाटांनी आलेली माणसं, आणि आपण सगळ्यांच्या कपाळी एकच शिक्का मारून मोकळे.

सौरभच्या बाबतीत आणखी एक पुडी सोडली जाते, की भारतीय संघात जागा मिळेना म्हणून तो क्रिकेट खेळायला अमेरिकेला गेला. अहो, क्रिकेट खेळायला २०१५ साली अमेरिकेला कोण जाईल? तो कॉर्नेल विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स करायला गेला आणि मग ओरॅकलमध्ये नोकरीला लागला. विश्वचषकासाठी त्यानं ऑफिसातून रीतसर रजा घेतली होती. १७ जूनपर्यंत रजेवर असल्याचा त्याचा संदेश तेव्हा सगळीकडे फिरला, कारण संघ सुपर आठमध्ये गेला आणि रजा अपुरी पडायची वेळ आली. त्याचा प्रवास पुण्या-मुंबईच्या हजारो इंजिनिअरांसारखाच झालेला आहे. फरक इतकाच की हा शनिवार-रविवारी डावखुरी जलदगती गोलंदाजी करत राहिला.

आता त्या संघातला माझा आवडता माणूस, कोरी अँडरसन. मुंबईकरांना त्याची ओळख करून द्यायला नको. २५ मे २०१४, वानखेडे. प्लेऑफमध्ये जायचं तर राजस्थान रॉयल्सच्या १८९ धावा मुंबई इंडियन्सला १४.३ षटकांत ओलांडायच्या होत्या. अँडरसन पेटला होता. त्या मुदतीच्या शेवटच्या चेंडूवर धावसंख्या बरोबरीत आली आणि अंबाती रायुडू धावबाद झाला. डगआऊटमध्ये सगळे कपाळाला हात लावून बसले, आणि मग गणित करून कुणीतरी सांगितलं की पुढच्या चेंडूवर चौकार-षटकार बसला तरी चालेल. आदित्य तरेनं आल्या आल्या फॉकनरचा फुलटॉस स्क्वेअर लेगला प्रेक्षकांत भिरकावला. समोर अँडरसन ४४ चेंडूंत ९५ वर नाबाद. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला क्वीन्सटाउनला त्यानं ३६ चेंडूंत एकदिवसीय शतक ठोकून आफ्रिदीचा विक्रम मोडला होता.

हा माणूस दहा वर्षांनी अमेरिकेच्या जर्सीत दिसला तेव्हा लोकांनी लगेच निदान केलं: बायको अमेरिकन, लग्नातून नागरिकत्व, नागरिकत्वातून संघ. पहिला दुवा खरा आहे. त्याचं लग्न अमेरिकन मुलीशी ठरलं आणि त्यानं टेक्सासमध्ये संसार थाटायचं ठरवलं. दुखापतींनी कारकीर्द पोखरली होती, न्यूझीलंडकडून शेवटचा सामना २०१८ मध्येच झाला होता. २०२० च्या अखेरीस त्यानं न्यूझीलंडच्या क्रिकेटचा निरोप घेऊन अमेरिकेतल्या नव्या लीगशी करार केला. पुढचे दोन दुवे लोकांनी मनानं जोडले. लग्नामुळे त्याला तिथं राहायला कारण मिळालं. पात्रता मिळाली ती राहण्यातून, आणि तेही तीन वर्षं वाट पाहून. अमेरिकेकडून तो पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला एप्रिल २०२४ मध्ये.

शिवाय लग्न केलं की पासपोर्ट हातात पडतो, हीसुद्धा हिंदी सिनेमानं शिकवलेली गोष्ट आहे. अमेरिकन नागरिकाशी लग्न केलेल्याला ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ते कार्डही सशर्त, दोन वर्षांचं मिळतं, आणि लग्न खरं आहे हे पुन्हा दाखवावं लागतं: एकत्र बँक खातं, घराचा भाडेकरार, विजेची बिलं. ग्रीन कार्डावर तीन वर्षं झाली आणि जोडी एकत्र राहत असली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. इतरांना त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागतं.

आपल्याकडे या गैरसमजाची सगळ्यात जास्त किंमत मोजली सानिया मिर्झानं. एप्रिल २०१० मध्ये तिनं शोएब मलिकशी लग्न केलं आणि बिऱ्हाड दुबईत केलं. पुढे २०१४ मध्ये तेलंगणाची ब्रँड ॲम्बॅसॅडर म्हणून तिची नेमणूक झाली, तेव्हा एका आमदारानं तिला जाहीरपणे पाकिस्तानची सून म्हटलं. सून असेल, कायद्याला त्याचं काय? नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९ सांगतं की स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर भारतीय नागरिकत्व संपतं. परदेशी माणसाशी लग्न केल्यानं किंवा परदेशी राहिल्यानं ते संपत नाही. मार्टिना हिंगिससोबतची विम्बल्डन, यूएस ओपन आणि ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी विजेतेपदं लग्नानंतरची, रिओ ऑलिंपिक लग्नानंतरचं, आणि २०२३ मध्ये निवृत्त होईपर्यंत नावापुढे झेंडा तिरंगाच. अँडरसननं बायकोचा देश गाठला तर ते रोमँटिक, आणि सानियानं नवऱ्याचा देश न गाठताही तिच्यावर संशय! हे गणित मला आजवर कुणी सोडवून दाखवलेलं नाही.

संसाराचा विषय निघालाच आहे तर त्याची दुसरी बाजूही पाहू, कारण तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. खेळाडूला परदेशी क्लबनं बोलावलं की घरच्यांचं आपोआप सगळं होतं, असं समजलं जातं. अमेरिकेत व्यावसायिक खेळाडूंसाठी पी-१ नावाचा व्हिसा आहे, एका वेळी पाच वर्षांपर्यंतचा. जोडीदाराला आणि मुलांना त्यावर पी-४ मिळतो. पी-४ वर राहता येतं, शिकता येतं. नोकरी करता येत नाही. इथं स्वतःचं क्लिनिक चालवणारी फिजिओथेरपिस्ट असो की शाळेत शिकवणारा नवरा, तिथं उतरल्यावर हातात काम नाही, आणि घरात जो कमावतो तो निम्मा हंगाम दौऱ्यावर. मूल लहान असेल तर डॉक्टर, शाळा, गाडी, बर्फ, सगळं एकट्यानं निभवायचं. ब्रिटनच्या खेळाडू-व्हिसावर मात्र जोडीदाराला नोकरी करता येते. त्यामुळे करार वाचताना मानधनाच्या आकड्याआधी हे कलम वाचायला हवं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. मूल अमेरिकेत जन्मलं की आईबापांचं काम झालं? ते मूल २१ वर्षांचं झाल्याशिवाय आईबापांसाठी अर्जच करू शकत नाही. ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, हे दुहेरी नागरिकत्व? नावात 'सिटिझन' असलं तरी तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि भारताकडून खेळता येत नाही. पुणे एफसीकडून खेळलेला फुटबॉलपटू अराता इझुमी, वडील भारतीय आणि आई जपानी, भारताकडून खेळला तो जपानी पासपोर्ट सोडल्यावरच. भारतीय क्रिकेटपटू इथलं खेळता खेळता परदेशी लीगही खेळू शकतो? पुरुषांना बीसीसीआय परवानगी देत नाही. उन्मुक्त चंदला त्यासाठी २०२१ मध्ये, २८ व्या वर्षी, भारतीय क्रिकेटमधून निवृत्ती घ्यावी लागली. तीन वर्षं अमेरिकेत काढून तो पात्र झाला, तरी २०२४ च्या विश्वचषक संघात त्याचं नाव नव्हतं. पात्रता म्हणजे निवड नव्हे, हेही जाता जाता.

एका ठिकाणी मात्र पासपोर्टशिवाय चालत नाही, आणि नेमकं त्याबद्दल कुणी बोलत नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आहे, पुरुषांचे सहा आणि महिलांचे सहा संघ. तिथं आयसीसीची तीन वर्षांची वाट बंद. ऑलिंपिक चार्टरचा नियम ४१ म्हणतो की खेळाडू ज्या देशाकडून उतरतो, त्या देशाचा नागरिक असलाच पाहिजे. म्हणजे विश्वचषकात अमेरिकेकडून खेळलेला खेळाडूही नागरिक नसेल तर घरच्याच ऑलिंपिकमध्ये बाहेर बसेल. ज्याचं ग्रीन कार्ड २०२४ चं आहे आणि लग्नाची वाट नाही, त्याची पाच वर्षं २०२९ मध्ये भरतात. न्यूझीलंडला दुहेरी नागरिकत्व चालतं, त्यामुळे तिथल्या माणसाला अमेरिकेची शपथ घेताना काही सोडावं लागत नाही. भारतीयाचा पासपोर्ट त्या शपथेबरोबर रद्द होतो. तो दूतावासात जमा करायचा, तसं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि आईवडिलांना भेटायला यायचं तर व्हिसा नाहीतर ओसीआयचा अर्ज भरायचा.