धूम्रपानमुक्ती व आरोग्यसेवक : निपाणी-सदलगा परिसराच्या संदर्भात

निपाणी परिसर विडीच्या तंबाखूसाठी ओळखला जातो. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ मध्ये येथील शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. ज्या पिकावर अनेक घरांची चूल पेटली, त्याविरुद्ध बोलताना सदलग्यासारख्या गावातील आरोग्यसेवकाला संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पिकाचा भाव आणि रुग्णाचे फुप्फुस हे दोन स्वतंत्र प्रश्न होत.

आरोग्यसेवकाच्या कामाच्या पाच पायऱ्या मानल्या जातात : प्रत्येक रुग्णाला व्यसनाबद्दल विचारणे, स्पष्ट सल्ला देणे, मनाची तयारी जाणून घेणे, मदत करणे आणि पाठपुरावा ठेवणे. पहिल्या दोन पायऱ्यांना काही मिनिटे पुरतात. शेवटची पायरी मात्र राहून जाते. वस्तुतः विडी पुन्हा सुरू होण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांतच सर्वाधिक असतो.

तल्लफ तीव्र असली तरी थोड्या वेळात ओसरते, हे रुग्णाला समजावून सांगावे. गरजेनुसार डॉक्टर निकोटिनचे च्युइंगम सुचवतात. विडी सोडून तंबाखू चघळणे वा मिश्री लावणे म्हणजे मुक्ती नव्हे. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनाशुल्क समुपदेशन मिळते. हा क्रमांक अध्यापकांनीही विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावा.