मुलाखतीचा दिवस

निपाणीच्या पंचक्रोशीत तुरुंग हा शब्द एके काळी घराण्याच्या अब्रूत भर घालीत असे. १९५८ च्या सीमासत्याग्रहात ज्याने कारावास पत्करला, अथवा १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी महामार्ग रोखून धरला तेव्हा ज्याला पोलिसांनी धरून नेले, त्याचे मूल ती हकीकत शाळेत ताठ मानेने सांगे. आज मात्र ज्याचा बाप चोरीच्या वा खुनाच्या आरोपावरून हिंडलग्याच्या मध्यवर्ती कारागृहात आहे, ते मूल ‘आप्पा मुंबईला कामाला गेल्यात’ एवढेच पुटपुटते. पहिल्या मुलाचा त्या सन्मानात जसा काही पराक्रम नव्हता, तसा दुसऱ्याचा या कलंकात काही अपराध नाही, हे आपणांस कळते. तरीही शेजारची मुले त्याच्याशी खेळेनाशी होतात.

मुलाखतीच्या दिवशी विडी वळणारी आजी सूप बाजूला सारून, वळेल तितक्याच विड्यांची मजुरी मिळत असल्याने दिवसभराच्या कमाईवर पाणी सोडून, नातवाला पहाटेच्या गाडीने बेळगावला नेते. तेथून हिंडलगा, मग ओळखपत्र, नोंद, झडती आणि प्रतीक्षा. आणि एवढे झाल्यावर जी चार-दोन मिनिटे हाती येतात त्यांत, वाटभर घोकून ठेवलेले सारे विसरून, पोर बापाला ‘जेवलासा का?’ एवढेच विचारते. परतल्यावर ते दोन दिवस गप्प बसते. हा हट्ट नव्हे. त्याला जवळ घेऊन, ‘आप्पावर खटला चाललाय, निकाल लागेपर्यंत तिथं ऱ्हावं लागतंय, पर तुझ्यामुळं काय झालेलं न्हाई,’ हे आजीने सांगितले पाहिजे, कारण आपल्याच हातून काहीतरी घडले असावे असे मुले मनात धरून बसतात.

आईच तुरुंगात असेल, तर मूल सहा वर्षांचे होईतो तिच्याजवळ राहू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ च्या निकालात अशा मुलास कैदी समजू नये असे बजावले, आणि कारागृहात जन्मलेल्याच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाचा उल्लेख न करता केवळ त्या वस्तीचा पत्ता लिहावा असा हुकूम दिला. एका ओळीच्या या नोंदीमागे केवढे कारुण्य आहे!

बाहेर राहिलेल्या मुलाची तरतूद मात्र मागावी लागते. पात्र ठरल्यास मिशन वात्सल्य योजनेतून दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य मिळते. अर्ज जिल्हा बाल संरक्षण घटकाकडे करावयाचा असतो. कैदेतील व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि मुलाची तातडीची अडचण असेल तर १०९८ हा बालमदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. परंतु मराठीही जेमतेम वाचणाऱ्या आजीने कचेरीतल्या कानडी कागदांपुढे काय करावे? येथे शाळामास्तरांचे काम सुरू होते. माझ्या पाहण्यातल्या एका गुरुजींनी असा अर्ज स्वतः लिहून दिला, मुलाखतीच्या दिवसाची रजा चारचौघांत कारण न विचारता मांडली, आणि बुडालेला धडा संध्याकाळी शिकवून झाल्यावर मुलासमोर कोरा कागद ठेवला. गणितात अठरा गुण पडल्याचे त्याने पहिल्याच ओळीत आप्पांना कळवले.