फाइलीचा प्रकार एडिटरास कसा सांगावा



संगणकावर मजकूर लिहिण्याच्या साधनास टेक्स्ट एडिटर म्हणतात. त्याच्या लेखीं प्रत्येक फाइल म्हणजे केवळ अक्षरांची रांग होय. ‘शिक्षा’ हा शब्द मराठींत दंड दर्शवितो, हिंदींत शिक्षण. लिपि एकच, तेव्हां भाषा कोणती हें आधीं कळल्यावांचून अर्थ लागत नाहीं. एडिटरापुढेंही नेमका हाच प्रश्न असतो.

ब्राम मोलेनार ह्या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेला व्हिम हा एडिटर आपण उदाहरणादाखल घेऊं. तो प्रथम फाइलीचें नांव व टिंबापुढील प्रत्यय पाहतो. तेवढ्यानें निर्णय होत नसेल तर आंतील मजकूर तपासतो. ‘.पीएल’ हा प्रत्यय पर्ल व प्रोलॉग ह्या दोन्ही भाषांच्या फाइलींना लावतात; तेथें मजकूर पाहिल्याशिवाय गत्यंतर नसतें. प्रकार एकदां ठरला म्हणजे शब्दांचे रंग, टीपेची खूण, ओळीच्या आरंभीं सोडावयाची जागा, हें सर्व त्याबरहुकूम ठरतें.

हा केवळ शोभेचा प्रश्न आहे, असें कोणी म्हणेल. पण तसें नाहीं. स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनीं १९७६ सालीं बेल लॅबोरेटरीजमध्यें ‘मेक’ नांवाचा प्रोग्राम रचला. त्याच्या फाइलींत आज्ञेची ओळ सामान्यतः टॅब ह्या अदृश्य चिन्हानेंच सुरू व्हावी लागते. पुष्कळ लोक एडिटरांत अशी योजना करून ठेवतात कीं, टॅबची कळ दाबली असतां साध्या मोकळ्या जागा उमटाव्या. फाइल ‘मेक’ची आहे हें ओळखतांच व्हिम ही योजना तिच्यापुरती स्थगित करितो. परंतु आपण फाइलीस ‘.काम’ असा स्वतःचा प्रत्यय दिला, तर तो तिला ओळखीत नाहीं व टॅबऐवजीं मोकळ्या जागाच भरतो. डोळ्यांना दोन्ही सारखेंच दिसतें. ‘मेक’ मात्र काम करण्याचें नाकारतो.

उपाय सोपा आहे. आपल्या होम डिरेक्टरींतील ‘.व्हिम’ ह्या डिरेक्टरींत ‘एफटीडिटेक्ट’ अशी डिरेक्टरी करावी. तींत ‘.व्हिम’ हाच प्रत्यय असलेली एक फाइल ठेवून एकच ओळ लिहावी. ती रोमन लिपींत लिहावयाची असते. उच्चार असा: ‘ऑटोकमांड बफरीड, बफन्यूफाइल, तारका टिंब काम, सेट फाइलटाइप बरोबर मेक.’ अर्थ असा कीं, ह्या प्रत्ययाची फाइल उघडली किंवा नवी निर्माण केली, कीं तिचा प्रकार ‘मेक’ समजावा. मात्र ‘व्हिमआरसी’ ह्या फाइलींत ‘फाइलटाइप प्लगिन ऑन’ ही आज्ञा असली पाहिजे. एरवीं प्रकार कळूनही त्याप्रमाणें वागणूक होत नाहीं.

नंतर ‘.काम’ फाइल पुन्हा उघडून ‘सेट फाइलटाइप’ ह्या आज्ञेपुढें प्रश्नचिन्ह घालून विचारावें. ‘मेक’ असें उत्तर आलें म्हणजे ओळख पटली. तथापि पूर्वीं पडलेल्या मोकळ्या जागा त्यामुळें आपोआप टॅब होत नाहींत. त्या ओळी आपणांसच दुरुस्त कराव्या लागतात.