अवजारांच्या जुन्या लोखंडी पेटीसाठी रंगाची निवड

खुरपी, विळे, कोयते, पाने, पकडी, फवारणी पंपाचे सुटे भाग आणि पॉवर टिलरची हत्यारे एके ठिकाणी सुरक्षित ठेवण्यासाठी पत्र्याची पेटी ही शेतकऱ्याच्या घरातील अत्यंत उपयुक्त वस्तू होय. मुळशी तालुक्यातील अनेक घरांत अशी पेटी वाडवडिलांपासून चालत आलेली असते. काही पेट्या पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या असतात, तर काही म्हणजे लष्करातून निवृत्त होऊन आलेल्या माणसाच्या काळ्या ट्रंका असतात. जुन्या पेटीचा पत्रा जाड असेल, तर पातळ पत्र्याची नवी पेटी विकत घेण्यापेक्षा जुनीची डागडुजी करणेच हितावह ठरते.

परंतु अशा पेटीसाठी रंग निवडताना पुष्कळदा दुकानातील रंगपत्रिका पाहिली जाते आणि डोळ्यांना आवडेल तो चकचकीत रंग गंजावरच फासला जातो. एक-दोन पावसाळ्यांत तो फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि खर्च व श्रम दोन्ही वाया जातात. वास्तविक पेटीला कोणता रंग द्यावा हे तीन गोष्टींवरून ठरते : पत्रा कोणता आहे, त्यावर पूर्वीचा रंग कोणता आहे, आणि पेटी कोठे ठेवावयाची आहे. रंगाची छटा हा सर्वांत शेवटचा प्रश्न होय.

गंज का चढतो?

लोखंडास गंज चढण्यासाठी हवा आणि पाणी या दोहोंची आवश्यकता असते. पाणी प्रत्यक्ष अंगावर पडलेच पाहिजे असे नाही. हवेतील आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंजण्याची क्रिया वेग घेऊ लागते. मुळशीत पिरंगुट-पौडपासून पश्चिमेस जावे तसतसे पावसाचे मान वाढत जाते. ताम्हिणी घाटाच्या परिसरात तर एका पावसाळ्यात साधारणतः ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात तेथील पडवीत ठेवलेली पेटी पागोळ्यांपासून दूर असली, तरी दिवसेंदिवस दमट हवेतच असते.

गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली राहिलेला गंज वाढू लागला की वरील थर आतून उचलला जातो. शिवाय रंगाचा कोणताही थर पूर्णपणे जलाभेद्य नसतो. त्यातून थोडी बाष्प आत जातेच. म्हणूनच पत्र्याला घट्ट चिकटणारे आणि गंजास प्रतिबंध करणारे अस्तर, म्हणजेच प्रायमर, हाच पेटीचा खरा रक्षक होय. वरील चकचकीत रंग हा त्या रक्षकाचे ऊन-पावसापासून रक्षण करतो.

प्रथम पेटीची परीक्षा

पेटी स्वच्छ धुऊन, वाळवून उजेडात ठेवावी व पत्रा ओळखावा. उघड्या भागावर करड्या रंगाची, फुलांसारखी नक्षी दिसली तर तो जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा समजावा. नक्षी नसून तांबूस गंज सर्वत्र दिसत असेल तर तो साधा काळा पत्रा होय. लोहचुंबक मुळीच चिकटत नसेल तर पत्रा ॲल्युमिनियमचा असण्याचा संभव असतो.

यानंतर जुना रंग ओळखावा. थिनरमध्ये भिजविलेला बोळा कोपऱ्यावर घासला असता रंग विरघळून बोळ्यास लागला, तर तो लवकर वाळणारा, फवाऱ्याने दिलेला लॅकर रंग असतो. रंग विरघळत नसेल, फार तर सुरकुतत असेल, तर तो बहुधा तैलरंग समजावा. रॉकेलच्या बोळ्यावर तपकिरी-काळा डाग उतरला तर तो डांबरी रंग होय. डांबरी रंगावर दुसरा रंग दिल्यास खालचा डाग वर फुटून येतो. यास्तव अशा पेटीवर पुन्हा डांबरी रंगच द्यावा, अथवा जुना पूर्ण काढून टाकावा.

पत्र्यास भोक पडले असेल तर ते रंगाने बुजत नाही. तेथे पत्र्याचे ठिगळ जोडून घ्यावे. मात्र त्या भागातील जुना रंग अगोदर काढावा, कारण जोडकामाच्या आचेने रंग जळून निघणारा धूर अपायकारक असतो.

जुन्या रंगातील शिसे

रंगकामातील सर्वांत मोठा धोका येथेच आहे. पूर्वी लोखंडावर शेंदराचे अस्तर देण्याची पद्धत सार्वत्रिक होती. शेंदूर हा शिशापासून बनतो. अस्तर म्हणून तो उत्तम असला तरी शिसे हे विष आहे. वरच्या पिवळ्या, तांबड्या व हिरव्या रंगांतही शिशाची द्रव्ये वापरली जात. केंद्र शासनाने १ नोव्हेंबर २०१६ रोजी घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाविषयी नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून, दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असलेले असे रंग बनविण्यास मनाई झाली. तत्पूर्वी रंगविलेल्या पेटीत शिसे आहे असे गृहीत धरूनच काम करावे.

शिशाची धूळ श्वासावाटे व हातातोंडावाटे पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर तिचा कायमचा दुष्परिणाम होतो, आणि शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानले जात नाही. गुरांना जुन्या रंगाचे पापुद्रे चाटण्याची खोड असते, आणि शिशाच्या विषबाधेने जनावरे दगावतात. यास्तव पुढील नियम कटाक्षाने पाळावेत.

१. जुना रंग कोरडा घासू नये. पाणी लावून वॉटर पेपरने ओलाच घासावा.

२. रंग दिव्याच्या ज्योतीने जाळून काढू नये.

३. काम घराबाहेर, गोठ्यापासून व विहिरीपासून दूर, प्लास्टिकच्या कागदावर करावे. मुलांना व गरोदर स्त्रियांना तेथे येऊ देऊ नये.

४. निघालेला चुरा पिशवीत घट्ट बांधून घातक घरगुती कचरा म्हणून वेगळा द्यावा. तो चुलीत, उकिरड्यावर वा भातखाचरात टाकू नये. उकिरड्यावर टाकलेले शिसे खताबरोबर शेतात जाते.

५. काम संपताच हातपाय धुवावेत. कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो मुळापासून काढण्याचे कारण नाही. सुटलेले पापुद्रे व गंज काढून, उर्वरित भाग ओल्या वॉटर पेपरने किंचित खरबरीत करून त्यावर नवा रंग द्यावा. पक्का जुना थर खाली झाकून राहणे हे त्याची धूळ करण्यापेक्षा अधिक सुरक्षित असते. ट्रंकेवर घरातील माणसाचे नाव वा जुना क्रमांक रंगविलेला असल्यास तोही अशा रीतीने राखता येतो. तेवढा भाग कागदाने झाकून भोवती रंग द्यावा.

अस्तराची निवड

साध्या लोखंडी पत्र्यास रेड ऑक्साइडचे तांबडे अस्तर चालते. ते सर्वत्र मिळते व स्वस्त पडते. मात्र त्याचे मुख्य कार्य आच्छादनाचे आहे. ताम्हिणीकडील अतिपावसाच्या गावांत झिंक फॉस्फेटयुक्त अस्तर अधिक श्रेयस्कर, कारण ते गंजण्याच्या क्रियेसही आळा घालते. पिवळे झिंक क्रोमेटचे अस्तर गंजरोधक असले तरी त्यातील क्रोमियमची द्रव्ये कर्करोगास कारण होतात; ते टाळावे. शेंदराचे अस्तर तर आता मुळीच वापरू नये.

जस्ताच्या पत्र्यावर तैलरंग वा तैलरंगाचे साधे अस्तर थेट देणे ही मोठी चूक होय. रंगातील तेलाची जस्ताशी क्रिया होऊन मधे साबणासारखा थर बनतो, आणि रंगाची सालपटे निघतात. अशा पत्र्यासाठी डब्यावर ‘जस्ताच्या पत्र्यास योग्य’ असा उल्लेख असलेले अस्तरच घ्यावे. ॲल्युमिनियमसाठीही तसेच खास अस्तर लागते.

वरच्या रंगाची निवड

घरात वा पडवीत ठेवावयाच्या पेटीस सिंथेटिक एनॅमल हा सामान्यतः सर्वांत सोयीचा रंग होय. तो ब्रशाने देता येतो व पुढे खरवडला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. चकचकीत प्रकार मंद प्रकारापेक्षा पाणी अधिक चांगले झटकून टाकतो.

दोन डब्यांतील द्रव्ये मिसळून बनणारा इपॉक्सी रंग अधिक टणक असतो. पेटीच्या आतील बाजूस, जेथे हत्यारांची घासाघीस होते, तेथे तो उपयोगी पडतो. परंतु उन्हात त्याची चमक जाऊन पृष्ठभाग भुकटीसारखा होतो, आणि मिश्रण ठराविक वेळातच संपवावे लागते. लॅकर रंग तैलरंगावर कदापि देऊ नये. त्यातील तीव्र थिनरने खालचा थर सुरकुततो. डांबरी रंग स्वस्त व ओलाव्यास टिकाऊ असला तरी उन्हाळ्यात मऊ होऊन हातास लागतो. तो केवळ पेटीच्या तळाच्या बाहेरील बाजूस द्यावा.

आतील बाजूस पांढरा वा फिकट रंग दिल्यास अंधाऱ्या पडवीतही बारीक वस्तू दिसतात. बाहेरील छटा ज्याने त्याने आवडीप्रमाणे ठरवावी. खरेदी करताना डब्यावर ‘शिसेविरहित’ असा उल्लेख आहे की नाही हे वाचून पाहावे. कारखान्यांच्या उपयोगाचे रंग उपरोक्त नियमांत येत नसल्याने ही खबरदारी विशेष आवश्यक आहे.

काम केव्हा व कसे करावे?

मुळशीत या कामास मार्च ते मे हा काळ उत्तम. पावसाळ्यात, तसेच हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांहून अधिक असता, रंगकाम करू नये. सकाळचे दव वाळल्यावर सावलीत काम करावे. उन्हाने तापलेल्या पत्र्यावर रंगास फोड येतात. शेजारी राब भाजणी चालू असेल तो दिवस टाळावा, कारण उडालेली राख ओल्या रंगावर बसते.

तेलकटपणा कपडे धुण्याच्या पावडरीने धुऊन काढावा, गंज तारेच्या ब्रशाने व वॉटर पेपरने काढावा, आणि पत्रा पूर्ण वाळवावा. उघड्या पडलेल्या लोखंडावर त्याच दिवशी अस्तर द्यावे. रात्रभर ठेवल्यास डोळ्यांस न दिसणारा गंज पुन्हा चढतो. अस्तराचे दोन व एनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत. दोन हातांत एक दिवसाचे अंतर ठेवावे. एकच जाड हात दिल्यास वरून वाळतो व आत ओला राहतो. कोपरे, सांधे व बिजागऱ्या येथे प्रथम ब्रश फिरवावा, कारण गंज तेथूनच सुरू होतो. शेवटच्या हातानंतर झाकण उघडे ठेवून आठ दिवसांनी हत्यारे भरावीत.

९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व तितक्याच उंच पेटीचे बाहेरील क्षेत्रफळ सुमारे २ चौरस मीटर, आणि आतून-बाहेरून मिळून ४ चौरस मीटर भरते. एक लिटर रंग एका हातात सुमारे १० चौरस मीटरांस पुरतो. म्हणजे आतून-बाहेरून दोन हात अस्तरासाठी एक लिटर, आणि बाहेरील दोन हात एनॅमलसाठी अर्धा लिटर पुरे होतो. आतील पांढऱ्या रंगासाठी आणखी अर्धा लिटर घ्यावा.

पुढील निगा

पेटी जमिनीवर न ठेवता विटांवर वा लाकडी ओंडक्यांवर ठेवावी, म्हणजे खालून हवा खेळती राहील. रासायनिक खताची पोती जवळ ठेवू नयेत. खतातील क्षार ओलावा ओढून घेतात व गंज वाढवितात. हत्यारे पुसून व तेलाचा हात देऊन मगच आत ठेवावीत. दर वर्षी दिवाळीनंतर पेटी तपासून, जेथे रंग खरवडला असेल तेथे अस्तर व रंग लावावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे सर्व केवळ तोंडी न सांगता प्रत्यक्ष दाखवावे. एकाच पत्र्याचे दोन तुकडे घ्यावेत. एकावर गंजावरच रंग द्यावा. दुसरा घासून, अस्तर देऊन रंगवावा. दोन्ही मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या पडवीबाहेर टांगावेत आणि भातकापणीच्या सुमारास उतरवून शेतकऱ्यांच्या हाती द्यावेत. नखाने खरवडून पाहिले की कोणता रंग टिकला व का टिकला, हे निराळे समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.