मोटारीचा जुना प्लग काय सांगतो?

पेट्रोलच्या मोटारीतील स्पार्क प्लग हा बोटाएवढा लहानसा भाग. परंतु त्याच्यावर सोपविलेले काम मात्र लहान नव्हे. बॅटरीच्या 12 व्होल्टांचे कॉइलमध्ये हजारो व्होल्ट होतात आणि प्लगच्या दोन टोकांमधील जेमतेम मिलिमीटरभर फटीत ठिणगी पडते. इंजिन मिनिटास 3,000 फेरे घेत असेल, तर तेवढ्या वेळात प्रत्येक प्लगास निदान 1,500 ठिणग्या द्याव्या लागतात. टोके झिजणारच! (डिझेलच्या गाडीस स्पार्क प्लग नसतात.)

साधे निकेलचे प्लग साधारणतः 20 ते 30 हजार किलोमीटर टिकतात. इरिडियमचे काही प्लग लाखाच्या घरात जातात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा व तोच प्रमाण मानावा. तत्पूर्वीच सकाळी इंजिन चालू होण्यास कुरकुरू लागले, चढणीवर गाडी धक्के देऊ लागली, किंवा पेट्रोल अधिक लागू लागले, तर प्लग काढून पाहावेत. चालढकल करू नये. न जळलेले पेट्रोल बाहेर जाऊन धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करते, व तो प्लगच्या कितीतरी पट महाग असतो.

येथे वाचकांस एक आग्रहाची विनंती आहे. जुने प्लग मेस्त्रीने फेकून देण्यापूर्वी ते मागून घ्यावेत व नीट न्याहाळावेत. टोक फिकट तपकिरी असेल, तर इंजिनाची प्रकृती उत्तम. कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जात आहे, अथवा गाडी केवळ बाजारापुरती हळूहळू फिरते. प्लगचे टोक सुमारे 450 अंशांवर तापल्यावाचून त्यावरील काजळी जळून जात नाही. पांढरे पडलेले, फोड आलेले टोक अतिउष्णतेची खूण होय. आणि ओलसर, तेलकट प्लग दिसला, तर सावध व्हावे.

डिचोली तालुक्यात याचे महत्त्व विशेष आहे. येथील खाणी 2012 साली व पुन्हा 2018 साली बंद पडल्या. 2024 पासून खनिज काढणे पुन्हा सुरू झाले. खनिजाच्या वाटेवरील लाल धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत शिरली, की पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर घासले जातात आणि तेल वर चढून प्लगावर येते. अशा वेळी नवे प्लग घातले की गाडी काही दिवस बरी चालते, मालक निश्चिंत होतो आणि आतील झीज चालूच राहते. फिल्टर प्रथम पाहावा. पेडण्यात मोरजी-हरमलच्या बाजूस खारा वारा असतो. तेथे प्लगच्या धातूच्या भागावरील गंज पाहावा.

प्लग बदलताना इंजिन पूर्ण थंड असावे. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे चटकन बिघडतात. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढावी, नाही तर ती सिलिंडरात पडेल. एका वेळी एकच प्लग काढावा. नवा प्लग पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमांकाचाच असावा. तो प्रथम हातानेच बसवावा. आडवा जाऊ लागल्यास बळ न लावता परत काढावा. तो टेकल्यानंतर, वायसर असलेल्या नव्या प्लगास पान्याने सुमारे अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. काढलेल्या प्लगांवर सिलिंडरचे क्रमांक लिहून ठेवावेत, म्हणजे तेल नेमके कोठून येते, ते मेस्त्रीस दाखविता येईल.