दोन दुव्यांचा एक दुवा

पिस्तूल झाडले की गोळी पुढे जाते आणि पिस्तूल मागे रेटले जाते. न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना असे उदाहरण आपण हमखास देतो. या धक्क्यालाच कामाला जुंपून रिकामे काडतूस बाहेर फेकायचे व नवे आत घ्यायचे, ही युक्ती अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंगने आपल्या पिस्तुलांत वापरली. मात्र गोळी सुटण्यापूर्वी नळीची मागची बाजू उघडली, तर तप्त वायू मागे उसळतील. म्हणून नळी आणि तिच्यावरची सरकती 'स्लाइड' खाचांनी एकमेकींत अडकवलेल्या असतात. दोघी थोडे अंतर जोडीने मागे जातात. मग नळी खाली उतरते व स्लाइड एकटीच पुढचे काम करते.

१९०० च्या नमुन्यात नळी पुढच्या-मागच्या अशा दोन दुव्यांवर होती. समांतर रेषा काढायची जोडपट्टी आठवा, तशीच ती उतरे. स्लाइड मात्र पुढच्या एका पाचरीच्या भरवशावर! पाचर निखळली, तर स्लाइड थेट नेमबाजाच्या तोंडावर. १९०९-१० च्या नमुन्यांत ब्राउनिंगने पुढचा दुवाच काढून टाकला. आता नळीचे फक्त मागचे टोक झुके, आणि स्लाइड पुढून बसवली जात असल्याने मागे निसटण्याचा प्रश्नच उरला नाही. घोडदळाच्या आग्रहाने सुरक्षा-खटकेही आले.

मार्च १९११ च्या चाचणीत ६००० गोळ्या झाडल्या. पिस्तूल तापले की सरळ पाण्यात बुडवत. प्रतिस्पर्धी सॅव्हेज ३७ वेळा अडले, ब्राउनिंगचे कोल्ट एकदाही नाही. १९८५ मध्ये बेरेटाची निवड होईपर्यंत अमेरिकी सैन्याचे प्रमाणित पिस्तूल तेच होते.