‘ॲव्हरेज’ किती देते?

आमचे एक शिक्षकमित्र निवृत्तीला आले आहेत. भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून गाडी घ्यावी आणि ती संकरित, म्हणजे हायब्रिड घ्यावी, असे त्यांच्या मनात आहे. मध्यंतरी ते दोन कात्रणे घेऊन आमच्याकडे आले. एकाच गाडीला एका परीक्षणात दहापैकी नऊ गुण होते, तर दुसऱ्यात साडेसहा. ‘‘एकाच उत्तरपत्रिकेला दोन परीक्षकांनी इतके वेगळे गुण दिले तर आम्ही फेरतपासणी मागतो. इथे कोणाकडे मागायची?’’ त्यांनी विचारले.

आम्ही मोटारींचे जाणकार नाही. पण मोजमाप हे आमचे रोजचे काम आहे, आणि हा प्रश्न मुळात मोजमापाचाच आहे. गाडी घेताना आपण सगळेच विचारतो, ‘‘ॲव्हरेज किती देते?’’ शब्द आपण बरोबर वापरतो, पण त्याचा अर्थ विसरतो. ॲव्हरेज म्हणजे सरासरी. मग ही सरासरी कशाची, कोणत्या रस्त्यावरची आणि किती वेळा मोजून काढलेली, हे विचारायला हवे. संकरित गाडीच्या बाबतीत तर ते फारच महत्त्वाचे ठरते. कसे ते पाहू.

इंधन वाचते कोठे?

समजा, १४०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन) सुमारे १,३५,००० ज्यूल भरते. सिग्नलला ब्रेक दाबला की साध्या गाडीत या सर्व ऊर्जेची उष्णता होते आणि ती हवेत जाते. एक लिटर पेट्रोल जाळून इंजिनाकडून चाकांना सुमारे ८० लाख ज्यूल मिळतात असे धरले, तर प्रत्येक थांब्याला सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोल वाया गेले.

संकरित गाडीत इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. ब्रेक लावताना हीच मोटर जनित्र बनते आणि गतिज ऊर्जेचा काही भाग वीज म्हणून बॅटरीत साठवते. गाडी पुन्हा निघताना ती वीज कामी येते. यातून निम्मी ऊर्जा परत मिळाली असे मानले, तर थांब्यामागे ८ मिलिलिटर आणि शंभर थांब्यांमागे पाऊण लिटरहून थोडे अधिक पेट्रोल वाचते. शिवाय सिग्नलला इंजिन बंद राहते, ती बचत वेगळीच.

आता ही गाडी मोकळ्या महामार्गावर न्या. थांबेच नाहीत, म्हणून परत मिळवायला ऊर्जाही फारशी नाही. तेथे खरा विरोध हवेचा असतो आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून तीच गाडी गर्दीच्या शहरात पहिल्या क्रमांकाची ठरेल आणि महामार्गावर सामान्य. दोन परीक्षकांनी दोन रस्त्यांवर गाडी चालवली असेल, तर दोघेही प्रामाणिक असूनही त्यांचे गुण जुळणार नाहीत.

आणखी एक खुबी आहे. चाचणी सुरू होताना बॅटरीत जेवढी वीज होती, तेवढीच ती संपताना असली पाहिजे. समजा, परीक्षकाने वीस किलोमीटरचा फेरफटका मारला आणि त्यात बॅटरीतली अर्धा युनिट वीज खर्च झाली. अर्धा युनिट म्हणजे १८ लाख ज्यूल, म्हणजेच आपल्या हिशेबाने जवळपास पाव लिटर पेट्रोलचे काम. या गाडीला एरवी वीस किलोमीटरला एक लिटर लागले असते, पण टाकीतून पाऊण लिटरच्या आसपासच गेले. ‘लिटरला सव्वीस किलोमीटर’ असे छापून आले, तरी त्यातले सहा उसने आहेत. प्रयोगशाळेतील चाचणीत ही काळजी घेतात. एका सकाळच्या फेरीवर लिहिलेल्या परीक्षणात ती घेतली असेलच असे नाही.

आकडा बदलतो, गाडी तीच

टोयोटाची प्रियस ही मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली संकरित मोटार. ती डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. तिच्या २००४ सालच्या मॉडेलला अमेरिकेत गॅलनला ५५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे २३.४ किलोमीटर असा सरकारी आकडा मिळाला होता. पुढे २००८ च्या मॉडेलपासून अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने पद्धत बदलली. जास्त वेग, वातानुकूलन आणि कडाक्याची थंडी यांचाही विचार तीत होऊ लागला. नव्या पद्धतीने त्याच प्रियसचा आकडा ४६ मैल, म्हणजे लिटरला १९.६ किलोमीटर झाला. गाडीत एक स्क्रूही बदलला नव्हता. बदलली होती ती प्रश्नपत्रिका.

आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचे, म्हणजे एआरएआयचे नाव ॲव्हरेजच्या आकड्याला इतके चिकटले आहे की लोक ‘एआरएआय ॲव्हरेज’ असेच म्हणतात. २०२२ मध्ये आलेल्या मारुती ग्रँड व्हिटाराच्या संकरित प्रकाराला लिटरला २७.९७ किलोमीटर असा प्रमाणित आकडा जाहीर झाला. त्या वेळच्या चाचणीत गाडी प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर चालवली जाई, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नसे आणि वातानुकूलन बंद असे. आकडा खोटा नाही, पण तो त्या अटींपुरताच आहे. सर्व गाड्यांना प्रश्नपत्रिका एकच असल्याने तुलनेसाठी तो उपयोगी पडतो. मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर तेवढेच ॲव्हरेज मिळेल, असे वचन तो देत नाही.

एकीचे गुण दुसरीला

कधीकधी मात्र आकडाच चुकलेला असतो. अमेरिकेत फोर्ड कंपनीने २०१३ चे मॉडेल म्हणून सी-मॅक्स ही संकरित गाडी आणली. शहर, महामार्ग आणि दोन्ही मिळून, तिन्ही रकान्यांत ४७ मैल असा आकडा होता. ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ हे ग्राहकांचे मासिक चाचणीच्या गाड्या कंपनीकडून न मागता स्वतः बाजारातून विकत घेते. त्याने डिसेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला स्वतःच्या मोजमापाचा आकडा होता ३७ मैल.

फरकाचे कारण शोधल्यावर एक गंमत कळली. इंजिन, गिअरव्यवस्था आणि वजनाचा गट सारखा असेल, तर एका गाडीचा आकडा दुसरीला लावण्याची मुभा नियमांत होती. त्यानुसार फ्यूजन हायब्रिड या गाडीचा आकडा सी-मॅक्सला लावला गेला होता. पण सी-मॅक्स अधिक उंच आणि तिला हवेचा विरोध अधिक. हवेच्या विरोधाचे वेगाशी नाते काय, हे आपण वर पाहिलेच आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये कंपनीने आकडा ४३ वर आणला आणि गाडी विकत घेतलेल्यांना ५५० डॉलर भरपाई देऊ केली. जून २०१४ मध्ये कंपनीच्या स्वतःच्याच हिशेबातली आणखी एक चूक निघाली आणि आकडा ४० झाला. मासिकाला हे आधी कळले, कारण त्याने छापील आकड्यावर न विसंबता स्वतः गाडी चालवून पेट्रोल मोजले.

‘संकरित’ म्हणजे कोणती?

घरच्या विजेवर चार्ज होणाऱ्या प्लग-इन गाड्यांनाही ‘संकरित’च म्हणतात. त्यांचे ॲव्हरेज मालक गाडी किती वेळा चार्ज करतो यावर ठरते. युरोपीय आयोगाने २०२१ साली प्रथम नोंदणी झालेल्या गाड्यांमधील नोंदी गोळा करून मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या प्रयोगशाळेतील आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के अधिक इंधन खात होत्या. प्लग-इन गाड्यांचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन मात्र छापील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. मालक धरल्याइतके चार्जिंग करत नव्हते, हे त्याचे मुख्य कारण.

बिघाडांच्या बाबतीतही हेच दिसते. ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ने २०२३ च्या अखेरीस गाडीमालकांच्या पाहणीचे निष्कर्ष छापले. साध्या गाड्यांच्या तुलनेत संकरित गाड्यांत बिघाड २६ टक्क्यांनी कमी आणि प्लग-इन संकरित गाड्यांत १४६ टक्क्यांनी अधिक होते. दोन्हींची सरासरी काढून ‘संकरित गाड्यांना इतके गुण’ असे कोणी म्हटले, तर तो आकडा दोन्हीपैकी कोणत्याच गाडीचा नसेल.

एकूण गुणांचे गणित

एकूण गुण कसे काढतात, हे शिक्षकांना सांगायला नको. विषयांना भार दिला की क्रम बदलतो. समजा, ‘क’ ही संकरित आणि ‘ख’ ही साधी गाडी आहे. इंधन, आराम, सामानाची जागा आणि किंमत यांत ‘क’ला ९, ७, ५, ५ आणि ‘ख’ला ६, ७, ८, ८ गुण आहेत. एका परीक्षकाने या चार विषयांना अनुक्रमे ५०, २०, १० आणि २० टक्के भार दिला, तर ‘क’ला ७.४ आणि ‘ख’ला ६.८ मिळतात. दुसऱ्याने २०, २०, ३० आणि ३० टक्के भार दिला, तर ‘क’ला ६.२ आणि ‘ख’ला ७.४! एकाही विषयाचा गुण बदललेला नाही. म्हणून बेरजेपेक्षा विषयवार गुण पाहावेत आणि भार आपल्या गरजेप्रमाणे आपणच द्यावेत.

मालकांनी दिलेल्या ताऱ्यांबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, संख्या. मते साधारण एका ताऱ्याने इकडेतिकडे विखुरली असतील, तर बारा जणांच्या सरासरीत ०.६ पर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. नऊशे जणांच्या सरासरीत तो ०.०७ च्या आत येतो. तेव्हा बारा जणांचे ४.८ तारे नऊशे जणांच्या ४.५ पेक्षा सरस आहेत, असे म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट, कल. नुकतीच लाखो रुपये मोजलेला माणूस आपल्या निवडीला सहसा नावे ठेवत नाही आणि फार त्रास झालेला आवर्जून लिहितो. असा कल संख्या वाढवून जात नाही.

नव्या गाडीचे परीक्षण दहा वर्षांनंतरचेही काही सांगत नाही. त्यासाठी थांबावेच लागते. ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ने २०११ मध्ये दोन लाख मैलांहून अधिक चाललेली २००२ ची प्रियस तपासली. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच नवीन प्रियसवर मोजलेला आकडा ४०.६ मैल होता. या जुन्या गाडीने, मूळ बॅटरीवर, ४०.४ दिला. एका गाडीवरून नियम सिद्ध होत नाही, पण ‘बॅटरी लगेच संपते’ या ऐकीव भीतीपेक्षा हा एक मोजलेला आकडा मोलाचा आहे.

मग विश्वास कशावर?

ज्या आकड्याबरोबर त्याच्या अटी सांगितल्या आहेत, ज्याने मोजला त्याचा विक्रीशी संबंध नाही आणि जो दुसऱ्या कोणी मोजला तरी जवळपास तोच येतो, तो आकडा विश्वासाचा. नुसता ‘दहापैकी नऊ’ म्हणजे परीक्षकाची आवड.

हा प्रयोग वर्गातही करता येईल. विद्यार्थ्यांनी घरच्या स्कूटरची किंवा मोटारीची टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा लिहावा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी आणि चाललेल्या अंतराला भरलेल्या लिटरनी भागावे. असे पाच वेळा करावे. पाच उत्तरे वेगवेगळी येतील. ती का वेगळी आली, यावर चर्चा व्हावी.

आमच्या मित्रांनी हेच केले. त्यांच्या जुन्या गाडीचे ॲव्हरेज लिटरला १५ किलोमीटर भरले. वर्षाला १०,००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि संकरित गाडीसाठी ३ लाख रुपये जास्त, असे धरून आम्ही दोघे हिशेबाला बसलो. संकरित गाडीने लिटरला २८ किलोमीटर दिले, तर जादा पैसे सुमारे नऊ वर्षांत वसूल होतात. २१ च दिले, तर पंधरा वर्षे लागतात. त्यांचा निम्म्याहून अधिक प्रवास गावाकडच्या मोकळ्या महामार्गावर होतो, हे त्यांच्या वहीवरूनच दिसले. आता ते विक्रेत्याकडे दिवसभरासाठी गाडी मागणार आहेत आणि त्याच रस्त्यावर, टाकी काठोकाठ भरून, ती चालवून पाहणार आहेत. कात्रणे त्यांनी आमच्याकडेच ठेवली आहेत.